मुंबईत एकटं राहायला येताय? आधी लाईन ठरवा, मग खोली

माझी मुंबईतली पहिली सकाळ ठाणे स्टेशनात गेली. जायचं होतं डोंबिवलीला, आत्याकडे. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने निघाले, गाडी दोन तास लेट, त्यामुळे कल्याणला उतरले तेव्हा सव्वाआठ झालेले. हातात चाकाची बॅग, पाठीवर सॅक, पिशवीत आईने दिलेली लोणच्याची बरणी. डोंबिवली म्हणजे दोन स्टेशनं, म्हणून समोर आली त्या लोकलमध्ये चढले. डोंबिवलीला दारातून एवढ्या बायका आत शिरल्या की मी बॅगेसकट थेट पलीकडच्या दाराला चिकटले. "अगं, या वेळेला डोंबिवलीला उतरतं का कोणी?" एका मावशींनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. गाडी ठाण्यालाच थांबली. बरणी मात्र वाचली.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मधल्या काळात तीन खोल्या आणि एक कॉट बदलून झाली, आणि गावाकडून कोणाचंही पोर मुंबईला निघालं की फोन मला येतो. दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

१. निघण्याआधी पैशांचा हिशोब

लोक फक्त भाडं विचारतात. पण पहिल्याच महिन्यात हातातून जाणारी रक्कम भाड्याच्या पाचपट असते. समजा, १८,००० रुपये भाड्याची वन आरके घेतली. (वन आरके म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघर म्हणजे बऱ्याचदा नुसता ओटा.) तीन महिन्यांचं डिपॉझिट ५४,०००, ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं १८,०००, पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं १८,०००. झाले ९०,०००. अजून गादी, बादली, शेगडी, पडदे काहीच आलेलं नाही, आणि पहिला पगार व्हायला महिना आहे. म्हणजे लाखाच्या वर तयारी हवी.

एवढे पैसे नसतील तर लाजायचं काही कारण नाही, माझ्याकडेही नव्हते. तिसऱ्या मुद्द्यावर या. पण कर्ज काढून पहिल्याच दिवशी स्वतंत्र खोली घेऊ नका.

'हेवी डिपॉझिट' हा शब्द कानावर पडेल. मोठी रक्कम एकदम ओनरला द्यायची, मग भाडं नाही किंवा नावापुरतं. ऐकायला छान वाटतं. पण ती रक्कम तो कुठेतरी वापरून टाकतो आणि तुम्ही सोडताना नवा भाडेकरू मिळेपर्यंत थांबा म्हणतो. नव्या माणसाने या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

२. सोबत आणायची कागदपत्रं

- आधार आणि पॅन, मूळ प्रती आणि चार-चार झेरॉक्स. आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे ना, ते गावाकडेच तपासा. इथे आल्यावर रजा काढून आधार केंद्रावर रांग लावावी लागते.
- पासपोर्ट साईज फोटो, किमान दहा. ऑफिस, सोसायटी, पोलीस व्हेरिफिकेशन, रेल्वे पास, सगळीकडे लागतात.
- नोकरीचं ऑफर लेटर. ओनर आणि सोसायटीचे सेक्रेटरी दोघंही बघायला मागतात.
- कॅन्सल चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत.
- दाखले आणि मार्कशीट यांचे स्कॅन. मूळ प्रती पहिले दोन महिने घरीच राहू द्या. कॉटवर राहताना त्या ठेवायच्या कुठे?

३. पहिला महिना कुठे काढायचा

गावाकडून फोटो बघून खोली पक्की करू नका. माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच आहे. 'मी लष्करात आहे, माझी बदली झाली, चावी पाठवतो, आधी पैसे भरा' हा प्रकार तर नेहमीचाच. आणि माणूस खरा निघाला तरी फोटोत खिडकी दिसते, खिडकीबाहेरचा नाला दिसत नाही.

नातेवाईक असतील तर आठ-पंधरा दिवस राहा, पण तारीख आधीच सांगून राहा. मुंबईच्या घरात एक माणूस वाढणं म्हणजे सकाळी बाथरूमच्या रांगेत वीस मिनिटं वाढणं. आत्या काही बोलली नाही, पण तिसऱ्या आठवड्यात मलाच कळायला लागलं.

दुसरा मार्ग पेइंग गेस्टचा, म्हणजे पीजी. त्यातलाच स्वस्त प्रकार 'कॉट बेसिस'. एका खोलीत तीन-चार कॉट, प्रत्येकीला एक कपाट, स्वयंपाकघर कधी वापरायला मिळतं, कधी नाही. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: रात्री किती वाजेपर्यंत यायचं, सोडताना किती दिवसांची नोटीस, आणि डिपॉझिटमधून काय कापतात. मुलींसाठी वर्किंग विमेन्स हॉस्टेलं आहेत, वायडब्ल्यूसीए या संस्थेची मुंबईत एकाहून जास्त ठिकाणी आहेत. जागा असेल तसा प्रवेश मिळतो, म्हणून अर्ज निघण्याआधीच करा.

आपल्या गावाची खोली आहे का, हेही एकदा चौकशी करून बघा. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींमध्ये कोकणातल्या गावांनी वर्गणी काढून खोल्या घेऊन ठेवल्या होत्या आणि गिरणीत लागलेली गावची माणसं तिथे वळकट्या टाकून राहायची. गोव्याच्या गावांच्या अशाच 'कुड' धोबीतलाव भागात आहेत, बोटीवर जाणारी माणसं तिथे उतरत. आम्हा मराठवाड्याच्या लोकांचं असं काही नाही. आमचं आपलं आत्या आणि मावशी.

४. आधी लाईन ठरवा

या शहराचा नकाशा किलोमीटरमध्ये वाचायचा नसतो, मिनिटांमध्ये वाचायचा असतो. तीन मुख्य लाईनी लक्षात ठेवा: चर्चगेटहून विरार-डहाणूकडे जाणारी वेस्टर्न, सीएसएमटीहून कल्याण आणि पुढे कसारा-कर्जतकडे जाणारी सेंट्रल, आणि पनवेलकडे जाणारी हार्बर. शिवाय ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स हार्बर. खोली ऑफिसच्याच लाईनवर असली तर आयुष्य सोपं होतं. लाईन बदलावी लागत असेल तर ती एकदाच, त्याहून जास्त नको. दादरला सेंट्रल-वेस्टर्न भेटतात, कुर्ल्याला सेंट्रल-हार्बर. घाटकोपर आणि अंधेरीला जोडणारी मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तिच्यामुळे सेंट्रलवर राहून अंधेरीत नोकरी करणं जमायला लागलं.

माझंच उदाहरण घ्या. ऑफिस अंधेरी पूर्वेला, चकाला मेट्रो स्टेशनपासून चालत. मी वेड्यासारखी अंधेरीतच खोल्या बघत फिरत होते, बजेटच्या दीडपट भाडी ऐकून रडकुंडीला येत होते. ऑफिसातल्या एका ताईंनी विचारलं, "भांडुप का बघत नाहीस?" भांडुपहून स्लो लोकलने (म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणाऱ्या) घाटकोपर तिसरं स्टेशन, तिथून मेट्रो. दारापासून खुर्चीपर्यंत पन्नास मिनिटं, आणि भाडं अंधेरीपेक्षा बरंच कमी.

त्याआधी स्वस्ताईच्या मोहात नालासोपाऱ्याला सात महिने काढले होते. भाडं खरंच कमी होतं. पण सकाळी साडेसहाला घर सोडायचं, रात्री नऊला परत, आणि रविवारी नुसतं झोपायचं. वाचलेले पैसे बाहेरच्या खाण्यात आणि डोकेदुखीच्या गोळ्यांत गेले. तिथे राहून मजेत असलेली माणसंही मला माहीत आहेत, पण त्यांची घरं भरलेली आहेत. एकट्या माणसाला लांबचा प्रवास जास्त खातो, कारण घरी पोचल्यावर भात लावलेला नसतो.

म्हणून ज्या भागात खोली बघताय तिथून ऑफिसला एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा, सोमवारी किंवा मंगळवारी, ऐन गर्दीच्या वेळेला. रविवारी मुळीच नको, त्या दिवशी बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही गाड्या बंद. सामान हलवायचा मुहूर्तही त्यामुळेच रविवारी दुपारचा काढू नका.

आणि ईस्ट-वेस्ट नीट विचारा. बहुतेक स्टेशनांना पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू. ऑफिस पूर्वेला आणि खोली पश्चिमेला असली, तर नकाशात जवळ दिसणारं अंतर रिक्षाने पुलावरून फिरून जाताना अर्धा तास खातं.

५. खोली बघताना

ब्रोकर म्हणेल, "स्टेशनपासून पाच मिनिटं." ही पाच मिनिटं मोटरसायकलवर बसलेल्या ब्रोकरची. तुम्ही चालत जा आणि घड्याळ लावा. शेअर रिक्षा असेल तर रात्री साडेदहाला मिळते का, ते स्टँडवरच्या रिक्षावाल्यालाच विचारा.

एक खोली दोनदा बघायची, एकदा दिवसा, एकदा रात्री. दिवसा उजेड कळतो, रात्री गल्ली.

आत गेल्यावर आधी नळ सोडा. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, हे ओनरला नाही, शेजारच्या काकूंना विचारा. माझ्या दुसऱ्या खोलीत 'चोवीस तास पाणी' होतं. शेजारणीने नंतर सांगितलं, "टाकी भरली तर चोवीस तास." आणि आठवड्यातले दोन दिवस टाकी भरतच नसे.

मग भिंती. ताजा रंग दिसला तर खूश होऊ नका, कपाटामागे आणि खिडकीखाली हात फिरवा. ओल असेल तर हाताला गार लागतं, आणि जुलैत तिथेच काळी बुरशी येते. वरचा मजला असेल तर छत गळतं का विचारा. तळमजला असेल तर बाहेरच्या भिंतीवर पाणी चढल्याची रेघ आहे का बघा.

विजेच्या मीटरचा फोटो काढा, आधीचं बिल मागा. थकबाकी असेल तर ती आधी भरून घ्या.

सोसायटीचं राजकारण हा वेगळाच विषय. 'बॅचलर नको', 'फॅमिलीच हवी', 'नॉनव्हेज चालणार नाही', हे सगळं ऐकावं लागतं. पंचविशीतल्या नोकरदार मुलीला सेक्रेटरींसमोर बसून "पाहुणे कोण कोण येणार?" या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. मी चिडले, भांडले, मग अशा सोसायट्या सोडून दिल्या. तुम्हीही ब्रोकरला पहिल्या फोनवरच सांगा: एकटी राहणार आहे, सोसायटीची परवानगी आहे का ते आधी विचारा, मगच दाखवायला न्या. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जो बिनवापर आकार लावते, तो ओनरने भरायचा असतो आणि सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर लावता येत नाही. तुमच्याकडून कोणी मागितला तर हे शांतपणे सांगा.

६. टोकन, ब्रोकर आणि ॲग्रीमेंट

माझे पाच हजार इथेच बुडाले. खोली आवडली, ब्रोकर म्हणाला, "मॅडम, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय." मी उभ्या उभ्या टोकन दिलं, म्हणजे खोली अडवून ठेवायचे आगाऊ पैसे. दोन दिवसांनी कळलं, सोसायटी एकट्या मुलीला देत नाही. टोकन? "ते ओनरकडे गेलं." ओनर म्हणे, मला मिळालंच नाही.

तेव्हापासून टोकन फक्त ओनरच्या खात्यात, आणि आधी मेसेजवर लिहून घ्यायचं: भाडं किती, डिपॉझिट किती, ताबा कधी, सोसायटीने नकार दिला तर टोकन परत. जो हे लिहून द्यायला तयार नाही, त्याच्या खोलीवर पाणी सोडा. नुसती खोली दाखवायचे पैसे मागणाऱ्या ब्रोकरला नमस्कार करा. दलाली ॲग्रीमेंट झाल्यावर.

ॲग्रीमेंटला इथे 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात आणि ते बहुधा अकरा महिन्यांचं असतं. अकरा महिन्यांचं आहे म्हणून नोंदणी नको, असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागत नाही.

नोंदणी आता ऑनलाईन होते. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो, आधारवरून तुमचे, ओनरचे आणि दोन साक्षीदारांचे ठसे घेतो. तो एकदम गोळा आकडा सांगेल, म्हणून सरकारी खर्च किती ते आधी काढून ठेवा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणाऱ्या व्याजावर. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं १,९८,००० आणि व्याज ४,९५०, म्हणजे शुल्क साधारण ५०७ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. दोन्ही मिळून दीड हजार. त्याच्या वरचं बहुतेक सगळं एजंटचं, आणि ते घासाघीस करून कमी होतं.

सही करण्याआधी वाचायच्या ओळी: लॉक-इन (म्हणजे खोली सोडता येत नाही तो काळ) किती महिने, नोटीस किती दिवसांची, रंगाचे पैसे कोणाचे, दुरुस्ती कोणाची, डिपॉझिट कधी परत. पंखा, गिझर, बल्ब यांची यादी जोडून घ्या. डिपॉझिट बँकेतूनच द्या, रोख नको. पोलीस व्हेरिफिकेशन ओनरने करायचं असतं. झालं का ते विचारा आणि पावतीची प्रत मागून घ्या.

७. लोकल शिकून घ्या

इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन, वेळ, फास्ट की स्लो, आणि डबे १२ की १५ हे दिसतं. सेंट्रलवर एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत. का, ते मला विचारू नका, पाठ करा.

लांबच्या गाडीने जवळ उतरायचा विचार करू नका. अंधेरीला उतरायचं म्हणून संध्याकाळी दादरहून विरार फास्ट पकडलीत, तर दारातल्या बायका आधी बोलणी देतील, मग बोरिवली दाखवतील. बोरिवली किंवा त्याच्या अलीकडे संपणारी गाडी घ्या.

लेडीज डब्यात चढलं की पहिलं वाक्य, "कुठे उतरणार?" बसलेल्या बाईने घाटकोपर म्हटलं की तिची सीट तुमची झाली, तुमच्यामागून विचारणारीला तुम्ही तुमचं स्टेशन सांगायचं. तीन जणींच्या बाकावर चौथीला सरकून जागा द्यायची असते. पहिल्या दिवशी मी पसरून बसले होते. "जरा सरका" एवढंच कोणीतरी म्हणालं, पण अख्ख्या डब्याने माझ्याकडे बघितलं.

पहिल्या वर्गाच्या डब्यावर तिरपे पट्टे असतात. गर्दीत चुकून त्यात चढलात आणि पास दुसऱ्या वर्गाचा असला तर दंड भरावाच लागतो. तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासापेक्षा परवडतो, पण पहिल्या खेपेला महिन्याचाच काढा, खोली बदलली तर पैसे वाया जातात. सामान असेल तर सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ लोकलचं नावही काढू नका. माझी बरणी आठवा.

रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला जात नाहीत, तिथून टॅक्सी किंवा बस. रिक्षा आणि टॅक्सी दोन्ही मीटरने चालतात. फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं रिक्षाला २६ आणि टॅक्सीला ३१ रुपये झालं. आकडा आधी ठरवणाऱ्याला सोडून पुढचा बघा.

८. जेवण आणि गॅस

रोज बाहेर खाणं खिशाला आणि पोटाला, दोन्हींना झेपत नाही. स्टेशनजवळ पोळी-भाजी केंद्र शोधा. मोजून पोळ्या आणि पाव किलो भाजी मिळते, भात घरी लावायचा. डबा लावायचा असेल तर आठवडाभर रोज पैसे देऊन खा, मग महिना ठरवा.

गॅस कनेक्शनसाठी पत्त्याचा पुरावा लागतो. तो होईपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या, तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. कॉटवर असाल तर इंडक्शनला परवानगी आहे का ते विचारून घ्या.

९. पहिला पावसाळा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. ते काही रोज होत नाही. पण हिंदमाता, सायन, कुर्ला, अंधेरी सबवे ही नावं पाणी तुंबलं की दर वर्षी ऐकू येतात. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक कपड्यांचा जोड, चप्पल आणि टॉवेल ठेवा. गाड्या बंद पडल्या तर अडकलेल्या लोकलमधून रुळांवर उडी मारू नका. ऑफिसजवळच्या एखाद्या मैत्रिणीकडे रात्री राहता येईल का, हे जूनमध्येच बोलून ठेवा.

कागदावर लिहून पाकिटात ठेवायचे नंबर, कारण मोबाईल नेमका तेव्हाच बंद पडतो: पोलीस ११२, मुंबई पोलिसांची महिला हेल्पलाईन १०३, रेल्वे १३९, महापालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६.

१०. अकरा महिने संपायच्या आधी

नोंदणीकृत ॲग्रीमेंट हातात आलं की त्याच महिन्यात आधारवरचा पत्ता बदला, इथे मतदान करायचं असेल तर फॉर्म ८ भरा. जुन्या कर प्रणालीत असाल तर घरभाडं भत्त्याची सूट मिळते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर त्यासाठी ओनरचा पॅन लागतो, तो ॲग्रीमेंटच्या वेळीच घेऊन ठेवा. नंतर मागितला की माणूस गावाला गेलेला असतो.

नववा महिना लागला की ओनरला स्वतः फोन करा. वाट बघत बसलात तर ब्रोकर येतो, वाढीव भाडं सांगतो आणि 'रिन्यूअलची' म्हणून पुन्हा दलाली मागतो. पहिल्या सहीच्या वेळीच रिन्यूअलला दलाली नाही असं ठरवून घेतलं असेल तर हा प्रश्न येत नाही. मी दुसऱ्या खोलीपासून ठरवायला लागले.

खोली सोडणार असाल तर लेखी नोटीस द्या, मेसेज केला तरी चालेल. शेवटच्या दिवशी ओनरसमोर मीटरचा, भिंतींचा, नळांचा व्हिडिओ काढा. चावी एका हाताने आणि डिपॉझिट दुसऱ्या हाताने. "पुढच्या आठवड्यात टाकतो" म्हणाला तर चावीही पुढच्या आठवड्यात.